लावलेलं घर

१२ मार्च, रविवार

वन्सं,

आज दुकानाला सुट्टी. सकाळी चादरी धुवून गच्चीवर टाकल्या. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, त्याला दोरा गुंडाळला. जेवले, थोडी पडले. उठल्यावर तुमचं पत्र परत वाचलं.

तुम्हाला काल कार्ड टाकलंच आहे, "अवश्य या, वाट बघते" म्हणून. हे पत्र वेगळं. हे टाकायचं की नाही ते तुम्ही येऊन गेल्यावर ठरवेन. मला पत्रं लिहायची सवय नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी लोकांना एवढंच विचारते, की आता नीट दिसतंय का. पण हे कुणाशी बोलावं असं माझ्याकडे कुणी नाही, आणि बोलायचं तर ते तुमच्याशीच आहे.

तुमच्या पायाचं प्लास्टर निघालं हे वाचून बरं वाटलं. हे गेले तेव्हा तुम्हाला हलता येत नव्हतं, त्याचं मनाला लावून घेऊ नका. मी तरी कुठे जवळ होते? दुपारी त्यांच्या दुकानातून निरोप आला, मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटचं वर्षभर तुम्ही दोघं फोनवर बोलत होतात हे मला तुमच्या पत्रातूनच कळलं. मला सांगितलं नाही याचा राग नाही. भावा-बहिणीचं तुटलेलं जुळलं, एवढं पुरे.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, "दादाने सांगितलेलं तुमचं नवं घर मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. तो हिरवा सोफा, छतापासून जमिनीपर्यंत पडदे, भिंतभर पुस्तकं, झुंबर. त्या सोफ्यावर दोन दिवस बसेन आणि जाईन."

वन्सं, आमच्याकडे असं काही नाही. दोन खोल्या आणि एवढंसं स्वयंपाकघर, सगळं तेच जुनं. सोफा तपकिरी रेक्झिनचा, एका बाजूने बसका. हे त्या बाजूला बसायचे, तिथे खळगा पडलाय. खिडकी लहान, बाहेर पलीकडच्या इमारतीचा जिना दिसतो. झुंबर नाही, ट्यूबलाइट आहे. पंखा इतकी कटकट करतो, की पाहुणे आले की आम्ही मोठ्याने बोलतो.

तुम्ही सांगितलेली खोली मात्र मी ओळखली. ती त्यांच्या फर्निचरच्या दुकानातली आहे. त्यांनी शेवटची मांडली ती. एकदा संध्याकाळी मला नेऊन दाखवली होती.

म्हणजे त्यांनी तुम्हाला खोटं सांगितलं. का, तेही मला कळतं. तुमच्या यजमानांच्या कारखान्यातली नोकरी नाकारून ते दुकानात मांडणीच्या कामाला लागले, तेव्हा जेवता जेवता तुम्ही म्हणाला होतात, "बस लोकांची दुकानं सजवत. तुझं घर काही कधी होणार नाही." त्यांचा घास मात्र हातातच राहिला होता.

तुमचं बोलणं मी कधीच सोडून दिलं. पण गेला आठवडाभर मला एकच गोष्ट टोचते आहे. या दोन खोल्या मी लावल्या, मी पुसल्या, इतकी वर्षं. त्यांना या खोल्यांची लाज वाटत होती का?

हे त्यांना विचारता येत नाही. निदान त्यांचा शब्द तुमच्यासमोर खोटा पडू नये, एवढं मला करता येईल. तुम्ही महिनाअखेर येणार. हाताशी फार पैसा नाही, पण त्यांचं काम मी वर्षानुवर्षं ऐकलंय. बघू.

१५ मार्च

ते म्हणायचे, आधी काढायचं, मग लावायचं. म्हणून काल-आज नुसतं काढतेय.

बाहेरच्या खोलीतून निघालेल्या वस्तू बघून मीच थक्क झाले. प्लॅस्टिकची स्टुलं, एकात एक अडकलेली. फ्रीजवरची औषधं. दारामागच्या पिशव्या, आणि त्या पिशव्यांत आणखी पिशव्या. तीन कॅलेंडरं, त्यातलं एक चालू वर्षाचं. सगळं आतल्या खोलीत नेलं. आता आत पाऊल ठेवायला जागा नाही, पण तुम्हाला आत न्यायचंच नाही.

मोकळी झाल्यावर खोली खरंच मोठी वाटायला लागली. यात काही खर्च नाही. त्यांनी हे घरी कधी का केलं नाही? मी म्हणायचे, "लोकांकडे जादू करता, इथे एक खिळा ठोका." ते म्हणायचे, "दिवसभर लावतोच की. इथे मला काही लावायला सांगू नकोस." मी आळस समजायचे आणि हसायचे. आता तेच वाक्य वेगळं ऐकू येतं.

शेजारीण डोकावून गेली. "घर सोडताय की काय?"

"नाही हो, पाहुणे यायचेत."

"पाहुण्यांसाठी लोक सामान आणतात. तुम्ही फेकताय."

१९ मार्च

त्यांच्या दुकानातले शिंपी आज शिलाई मशीन रिक्षात घालून घेऊन आले. निरोप मी पाठवला होता. पडद्यांचं सगळं काम तेच करायचे, ह्यांच्याबरोबर. वयस्कर आहेत, तोंडात सतत टाचण्या, त्यामुळे अर्धं बोलणं आपणच ओळखायचं.

मी आणलेलं कापड त्यांनी उलगडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बाई, हे अस्तर आहे."

"अस्तरच आणलंय."

"मग पडदा कुठाय?"

"हाच. दुहेरी शिवायचा. ते म्हणायचे ना, कापड महाग नसलं तरी चालेल, पडायला जड पाहिजे."

त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि खूप वेळ हसले. मग म्हणाले, "ऐकत होता म्हणजे तुम्ही."

जड करायची युक्ती त्यांनी दाखवली. खालच्या दुमडीत लोखंडी वायसर शिवून टाकायचे, ठरावीक अंतरावर. कापड सरळ खाली ओढलं जातं आणि लांबून मखमलीसारखं पडतं. दांडा खिडकीवर नाही, छताला लागून. आणि खिडकीएवढा नाही, सबंध भिंतीएवढा. पडदे मिटलेले असले की मागे केवढी मोठी खिडकी असेल असं वाटतं. खरी खिडकी एका कोपऱ्यात आहे, बाकी सगळी भिंत.

"फक्त उघडायचे नाहीत," शिंपी म्हणाले.

मग मी झुंबराचं विचारलं. ते वर बघत राहिले. "झुंबर काही शिवता येत नाही. आकडा लावून ठेवा. विचारलं तर सांगा, दुरुस्तीला दिलंय."

पुस्तकं ते दुकानातून आणून देणार आहेत, उसनी. म्हणजे पुस्तकं नव्हेत, पुस्तकांच्या पाठी. ओळीच्या ओळी पुठ्ठ्याच्या खोक्यावर चिकटवलेल्या. जाताना म्हणाले, "त्यांनी लावलेलं शेवटचं घर अजून तसंच ठेवलंय आम्ही. मालक बदला म्हणत होते. मी म्हटलं, राहू दे की थोडे दिवस." दुकानात त्या मांडलेल्या खोल्यांना घर म्हणतात, आजचं घर, कोपऱ्यातलं घर. ह्यांच्या तोंडून रोज ऐकायचे. आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि उगाच चहा गरम करायला आत गेले.

२५ मार्च

सोफा झाला. जाडं पांढरं कापड घेतलं, मोठ्या पातेल्यात रंगाची पुडी टाकून हिरवं केलं. पातेलंही हिरवं झालं आणि माझी नखंही. दुकानात गिऱ्हाईक फ्रेम बघायचं सोडून माझी बोटं बघतंय. खोळ चढवली तर ती सुरकुतायची. मग आठवलं, फटींत वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या खोचायच्या, म्हणजे कापड ताणून बसतं. तसं केलं. बसलं.

कपाटाच्या दाराचा आरसा स्क्रू काढून खाली उतरवला आणि दिव्यासमोरच्या भिंतीला टेकवला. ट्यूबलाइट लावायचीच नाही. तीन कोपऱ्यांत तीन पिवळे दिवे, सगळे खांद्याच्या खाली. एक जुना होता, दोन मी काचेच्या बरण्यांचे केले. दिवा खाली आला की भिंतीवरचे पोपडे दिसत नाहीत. संध्याकाळी लावून बघितले आणि मी दारातच उभी राहिले. चप्पल काढून आत यावं की बाहेरून बेल वाजवावी असं वाटलं.

पंखा चालला तर पडदे हलून मागची भिंत दिसेल आणि सगळ्यावर पाणी पडेल. तो बंद ठेवायचा. मार्चचा उकाडा आहे, पण दोन दिवसांचा प्रश्न.

एकच राहिलं होतं. त्यांच्या बाजूचा खळगा. नवी खोळ घातली तरी तो दिसतोच, उलट जास्त दिसतो. लांबून बघितलं तर कुणी आत्ताच उठून गेल्यासारखा. खोळीखाली रजई घडी करून घातली, दाबली, परत काढून घडी बदलली. आता सोफा एका पातळीत आहे. दुकानातल्यासारखा.

तेव्हा मला त्यांचा राग आला, वन्सं. पहिल्यांदा. एवढा खटाटोप मी कुणासाठी करतेय? जे इथे राहिले आणि म्हणाले दुसरीकडे राहतो, त्यांच्यासाठी? माझं काय चुकलं होतं या घरात, तेवढं एकदा सांगायचं.

राग आला तरी रजई तशीच ठेवली.

२ एप्रिल, रविवार

वन्सं, तुमची गाडी सुटली. मी घरी येऊन बसले आहे. जे तुमच्यासमोर घडलं ते तुम्हालाच काय लिहायचं, असं वाटलं. पण सुरू केलेलं पुरं करते. शिवाय माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुम्हाला माहीत नाही.

शुक्रवारी तुम्ही आलात आणि उंबऱ्यातच थांबलात. तिन्ही दिवे लावलेले होते. तुम्ही सगळ्यावरून नजर फिरवलीत आणि म्हणालात, "छान आहे गं." पण आवाज असा, जणू कुणाच्या कचेरीत आलात. मी म्हटलं बसा, तुम्ही सोफ्याच्या कडेवर बसलात. मीही समोर कडेवर. चहा झाला. पायाची चौकशी झाली. तुम्ही वर बघितलंत.

"झुंबर?"

"दुरुस्तीला दिलंय."

"अच्छा."

तुमच्या कपाळावर घाम आला होता. मी वर्तमानपत्राने वारा घेत होते, जशी काही मला तशीच सवय आहे.

"पंखा नाही का गं?"

"आहे. बिघडलाय."

"तोही? मग खिडकी तरी उघडू. मी उघडते, तू बस."

माझा हात पुढे गेला, पण तुम्ही पाय दुखत असूनही माझ्यापेक्षा चपळ. पडदा ओढलात. मागे भिंत. कॅलेंडरचा खिळा आणि त्याच्याखाली पांढरा चौकोन. तुम्ही आणखी थोडा ओढलात. आणखी भिंत. वायसर एकमेकांवर आपटून वाजत होते. तुम्ही मागे वळला नाहीत, तशाच उभ्या राहून विचारलंत, "वहिनी, खिडकी कुठे ठेवलीस?"

मला माझाच आवाज ऐकू आला, "उजवीकडे, वन्सं. अजून थोडं पुढे."

तुम्ही हसायला लागलात आणि आधाराला म्हणून पुस्तकांना हात लावलात. अख्खी ओळ तुमच्या हातात आली. अख्खा ज्ञानाचा साठा, पिसासारखा हलका. खोक्यात आतून दुकानाचा शिक्का. तुम्ही तो वाचलात आणि खाली बसलात. मीही बसले. आपण दोघी किती वेळ हसत होतो कोण जाणे, शेजारीण बघून गेली एवढं आठवतं.

हसू ओसरल्यावर मात्र मला सांगावंच लागलं. मी खाली बघून सांगितलं, की असं घर इथे कधीच नव्हतं, हे मी आता केलंय, तुमच्या दादांनी तुम्हाला सांगितलं ते खरं नव्हतं. तुम्ही तेव्हा बोलला होतात ते त्यांच्या मनात राहिलं असणार, त्यांना दोष देऊ नका.

तुमचा चेहरा एकदम बदलला. "दादा खोटं बोलेल? माझ्याशी? लहानपणी माझी पेन्सिल मोडली तरी स्वतःहून येऊन सांगायचा तो."

"मग काय म्हणाले होते? नेमकं सांगा. तुमच्या शब्दांत नको, त्यांच्या."

तुम्ही डोळे मिटून आठवलंत. "म्हणाला, अगं, माझं घर पुरं झालं. हिरवा सोफा लावला. पडदे छतापासून लावले. झुंबर आज लावलं, आता एकदा येऊन बघून जा."

"लावला म्हणाले? घेतला नाही म्हणाले?"

"लावला. प्रत्येक वेळी लावला. मला वाटलं, बोलायची पद्धत."

"आणि माझं घर म्हणाले? आमचं नाही?"

"माझंच. मला जरा खटकलंही होतं. म्हटलं, बायकोचं नाव नाही." तुम्ही थांबलात. "तुमच्याकडचं तो वेगळंच सांगायचा की. ते 'आमच्याकडे' म्हणून. आमच्याकडे पंखा कटकट करतो, पण त्याच्याशिवाय डोळा लागत नाही. आमच्याकडे सोफ्याची एकच बाजू बसायच्या लायकीची, ती मी धरून ठेवलीय. ती कामावरून आली की पिशवी कशी टेकवते त्यावरून मला कळतं, आज बोलायचं की गप्प बसायचं. मला वाटायचं, जुन्या घराचं सांगतोय. वाटायचं, नवं घर एवढं मोठं झालं तरी ह्याचा जीव जुन्यातच."

वन्सं, शिंपी त्या दिवशी माझ्यासमोर ह्यांचं शेवटचं घर म्हणाले, इतकी वर्षं मी रोज तेच ऐकलं, आणि तरी 'माझं घर' म्हणजे दुकानातलं, हे मला कळलं नाही. तुम्ही पत्रात 'माझं'चं 'तुमचं' करून लिहिलंत, आणि मी त्या एका शब्दावर तीन आठवडे पातेली हिरवी करत बसले.

मग तुम्हीच हळूच म्हणालात, "मी म्हटलं होतं ना, तुझं घर कधी होणार नाही. म्हणून मुद्दाम माझं घर, माझं घर. चिडवत होता मला. लबाड." आणि तुम्ही डोळे पुसलेत. मी पंखा लावते म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "थांब, आधी मला तो आतला पसारा दाखव." आतल्या खोलीचं दार उघडलं आणि स्टुलं तुमच्या अंगावर आली.

काल आपण दुकानात गेलो ते बरं झालं. शिंप्यांनी कोपऱ्यातला दोर बाजूला केला आणि आपल्याला आत सोडलं. तुम्ही त्या सोफ्यावर बसलात, आता मागे टेकून. नवीन विक्रेता धावत आला, "मॅडम, आरामात बसून बघा, आतून स्प्रिंग आहे." तुम्ही त्याला म्हणालात, "माझ्या भावाचं घर आहे. बसेन हवं तेवढं." तो बिचारा शिंप्यांकडे बघत राहिला. मी वर बोट दाखवलं, "तुमचं झुंबर. दुरुस्त होऊन आलं." तुम्ही खूप वेळ वर बघत होतात. बाहेर पडताना म्हणालात, "घर छान लावलंय त्याने. पण बसायला कडक आहे गं. तुमच्याकडचं बरं."

हे वाक्य मी जपून ठेवणार आहे. तुम्ही सहज म्हणालात, तुम्हाला आठवणारही नाही.

आता हे पत्र टाकायला हरकत दिसत नाही. पुस्तकं शिंपी उद्या घेऊन जातील. पडदे राहू देते, चांगले पडतात. पिवळे दिवेही राहू देते. स्टुलं मात्र लागतात, ती बाहेर आणली. पाय सांभाळा. पुढच्या खेपेला जास्त दिवसांनी या, म्हणजे जास्त दिवसांसाठी या. मला लिहिता येत नाही हे खरंच.

मधे उठून खोळीखालची रजई काढली. झटकली, घडी करून कपाटात ठेवली. चहा केला. खळगा तिथेच आहे, तसाच. त्यात बसले. उकडत होतं, पंखा लावला.